स्टीलचे छर्रे

जर्मनीतल्या हेर्त्सोगेनआउराखच्या मराठी मंडळींत ऊर्मिला इंगवलेची ओळख एवढीच होती, की ती मयुरेशची बायको आणि कुठल्याशा दुकानात कामाला असते. मयुरेशला सगळे ओळखायचे. तो इंजिनिअर, गणपतीत ढोल वाजवायला पुढे आणि कुणाचं घर बदलायचं असलं की सोफा उचलायलाही पुढे. ऊर्मिला कमी बोलायची. लग्नाआधी कोल्हापुरात ती दहा मीटर एअर रायफल नेमबाजी करायची, राज्य स्पर्धेपर्यंत गेली होती, हे तिने इथे कुणाला आपणहून सांगितलं नव्हतं. रायफल क्लबच्या मालकीची होती. लग्न ठरलं तेव्हा ती परत केली, कॅनव्हासचं जाड जॅकेट धाकट्या चुलतबहिणीला दिलं, आणि तो विषय तिथेच थांबला.

जर्मनीत आल्यावर मुलगी झाली, वल्लरी. ती शाळेत जायला लागल्यावर ऊर्मिलाने जर्मन शिकून घेतलं आणि गावाबाहेरच्या एका मोठ्या स्पोर्ट्सच्या दुकानात नोकरी धरली. धावण्याच्या बुटांच्या विभागात. काम बरं होतं. लोक येत, पाय पुढे करत, ती बूट आणून देत असे.

दुकानाच्या अगदी मागे, मासेमारीच्या गळांच्या पलीकडे एक काचेचा काउंटर होता. तिथे एअर रायफली आणि नुसता आवाज करणारी पिस्तुलं ठेवलेली असत. शिकारीच्या खऱ्या बंदुका वेगळ्या, कुलूपबंद खोलीत. त्यांचा कारागीर वेळ ठरवून येई आणि काउंटरशी त्याचा काही संबंध नसे. काउंटरवरचं सामान अठरा वर्षांवरच्या कुणालाही परवान्याविना घरी नेता येई. जेवणाच्या सुट्टीत ऊर्मिला तिथून एक चक्कर मारायची. रायफलींच्या तेलाचा वास नाकात गेला की खांदे आपोआप खाली यायचे, श्वास लांबायचा. एक दिवस तिथली मुलगी नोकरी सोडून गेली. ऊर्मिलाने धीर करून दुकानाच्या प्रमुख फ्राउ हाइन यांना विचारलं, आणि पुढच्या आठवड्यापासून ती काउंटरच्या मागे उभी राहिली. त्या दिवशी तिने घरी शिरा केला. मयुरेशला वाटलं, पगार वाढला.

काउंटरचा मुख्य होता हेर श्टेंगल. पन्नाशीचा, टापटीप, हसरा. आधी तो कॅम्पिंगचे तंबू विकायचा, त्याआधी सायकली. पहिल्याच दिवशी एका गिऱ्हाइकाला एअर रायफल दाखवताना त्याने बॅरल मोडून स्प्रिंग ताणली आणि आत छर्रा नसताना खट्‌कन चाप ओढला. एकदा नाही, चारपाच वेळा. प्रत्येक खटक्याला ऊर्मिलाच्या दाढा शिवशिवल्या. रिकामी रायफल अशी झाडली की आतला पिस्टन थेट पुढच्या भिंतीवर आदळतो. कोल्हापूरच्या क्लबात कुणी हे केलं असतं, तर शिकवणाऱ्या सरांनी त्याला दाराबाहेर हाकललं असतं.

गिऱ्हाईक गेल्यावर ती हळूच म्हणाली, "हेर श्टेंगल, रिकामी झाडली की खराब होते ही."

"आख, फ्राउ इंगा," तो म्हणाला. इंगवले त्याच्या जिभेवर कधी बसलंच नाही. "लोकांना आवाज आवडतो. आवाज ऐकला की विकत घेतात."

मग त्याने तिला धंद्याचं गुपित सांगितलं. गिऱ्हाइकाला माहिती नको असते, त्याला धीर हवा असतो. काही विचारलं की ताबडतोब उत्तर द्यायचं. थांबलात की तो घरी जाऊन इंटरनेटवरून मागवतो. आणि कशातच काही सुचलं नाही, तर म्हणायचं, "पास्ट श्शोन." म्हणजे चालतंय की.

हे "पास्ट श्शोन" दिवसभर चाले. ही दुर्बीण या रायफलीवर टिकेल का? पास्ट श्शोन. बॅरलमध्ये स्वयंपाकाचं तेल टाकलं तर? पास्ट श्शोन. श्टेंगल सुट्टीवर असला की गळांच्या विभागातला तोबियास मदतीला येई. तो पोरगा मनाने चांगला होता, पण रायफलीचं तोंड कुठे करून धरू नये एवढंही त्याला ठाऊक नव्हतं. गंमत अशी, की गिऱ्हाईक ऊर्मिलाला प्रश्न विचारत, तिचं उत्तर नीट ऐकून घेत आणि मग मान वळवून तोबियासकडे बघत. तोबियास खांदे उडवून म्हणे, "गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर. तेव्हा कुठे त्यांचं समाधान होई. पहिल्यांदा तिला हसू आलं. दहाव्यांदा तोंड कडू झालं. संध्याकाळी घरी आल्यावर ती साबणाने दोनदा हात धुवायची, आणि वल्लरी विचारायची, "वास इस्ट लोस, आई?" काय झालं. काही नाही, ती म्हणायची.

जूनमध्ये एक तरुण मुलगी आली. रात्रपाळी करणारी नर्स. बसस्टॉपपासून घरापर्यंतच्या रस्त्याची तिला भीती वाटायची, कुणीतरी दोनदा मागे आलं होतं. तिला आवाजाचं पिस्तूल हवं होतं. पर्समध्ये ठेवलं तर चालेल ना, तिने विचारलं. "अठरा पूर्ण आहेत ना? मग झालं," श्टेंगल म्हणाला आणि पिशवी बांधून दिली. ऊर्मिलाला कायद्याची पक्की माहिती नव्हती. आपण परक्या देशातले, आपल्याला काय कळणार, असंही तिला वाटून गेलं. पण काउंटरखाली धूळ खात पडलेली माहितीपत्रकं तिने मागच्याच आठवड्यात घरी नेऊन वाचली होती. पिस्तूल घरी ठेवायला परवाना लागत नव्हता. बाहेर अंगावर बाळगायला मात्र लागत होता, आणि त्याशिवाय पकडलं तर गुन्हा होता. ती पार्किंगमध्ये धावत गेली. मुलगी बसस्टॉपकडे निघाली होती. ऊर्मिलाने तिला सगळं सांगितलं. मुलीचा चेहरा पडला. ती परत आली आणि तिने पिस्तूल काउंटरवर ठेवलं. पैसे परत घेऊन ती निघून गेली.

श्टेंगलने तेव्हाही हसू सोडलं नाही. दुकान रिकामं झाल्यावर तो शांतपणे म्हणाला, "गिऱ्हाइकासमोर माझ्या शब्दाविरुद्ध पुन्हा जायचं नाही, फ्राउ इंगा. नाहीतर बूट तुमची वाट बघताहेत."

ऊर्मिलाने मान डोलावली आणि परत आलेलं पिस्तूल काचेत ठेवलं. नोकरीपेक्षा तिला त्या रायफलींचा सहवास सोडवत नव्हता, हे तिचं तिलाच कबूल करायची लाज वाटायची.

सप्टेंबरच्या एका शनिवारी चंद्रशेखर दुकानात आला. चंद्रशेखर म्हणजे इथल्या मराठी मंडळातला ज्येष्ठ गडी. पुण्याचा, सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या हुद्द्यावर, दोन वर्षांपूर्वी बागेसकट घर घेतलेला. त्याची बायको शैला ऊर्मिलाची इथली एकमेव म्हणावी अशी मैत्रीण होती. दोघी मिळून दिवाळीची चकली पाडायच्या.

"अरे वा, ऊर्मिलावहिनी! तुम्ही बंदुका विकता? मयुरेश बोलला नाही कधी," तो म्हणाला. त्याला बागेत मजेसाठी एअर रायफल हवी होती. ऊर्मिलाला मनापासून आनंद झाला. आपल्या माणसाला नीट काहीतरी देता येईल. तिने एक साधी, चांगल्या तोलाची रायफल काढली आणि सोबत शिशाच्या छऱ्यांचा डबा ठेवला.

चंद्रशेखरने शेजारच्या रॅकवरून दुसरा डबा उचलला. स्टीलचे गोल छर्रे, चकचकीत, तांब्याच्या रंगाचे. "हे का नकोत? मापही तेच आहे."

"भावजी, ते या रायफलीचे नाहीत. हिच्या बॅरलमध्ये आतून पिळाच्या खाचा आहेत. शिसं मऊ असतं, ते खाचांत बसतं. स्टील बसत नाही, उलट खाचा घासून टाकतं. आणि मुख्य म्हणजे कडक वस्तूवर लागलं तर शिसं चपटं होतं. स्टील उलटून परत येतं. डोळ्यावर येतं."

चंद्रशेखरने मान डोलावली. मग आजवर सगळ्या गिऱ्हाइकांना तिने जे करताना पाहिलं होतं तेच त्याने केलं. तो मागे वळला.

"एक मिनिट हं वहिनी, जरा यांना विचारू या. एन्टशुल्डिगुंग! हे चालतील का याच्यात?"

श्टेंगल आला. डबा हातात घेऊन त्याने वरचं माप वाचलं. तेवढंच त्याला वाचता येत होतं. "साडेचार, साडेचार. पास्ट श्शोन. आणि टिकाऊ आहेत, गोळा करून पुन्हा वापरता येतात."

"पण हेर श्टेंगल," ऊर्मिला म्हणाली. तो तिच्याकडे बघून हसला. ती थांबली.

"बागेत झाडली तर?" चंद्रशेखरने विचारलं.

"तुमची बाग, तुमचं राज्य."

चंद्रशेखर खूश झाला. जाताना मराठीत, समजावणीच्या सुरात म्हणाला, "वहिनी, तुम्ही चार गोष्टी वाचल्या असतील. पण शेवटी ही जर्मन माणसं. यांच्या रक्तातच इंजिनिअरिंग असतं."

तंबू विकणाऱ्या माणसाच्या रक्तातलं इंजिनिअरिंग! त्या रात्री तिने शैलाला मेसेज केला, की ते स्टीलचे छर्रे वापरू देऊ नकोस, परत आणून दे, मी बदलून देते. शैलाचं उत्तर आलं, "अगं सांगितलं. म्हणतात, दुकानातल्या माणसाला जास्त कळतं."

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी चंद्रशेखरकडे सगळ्यांना बोलावणं होतं. ऊन चांगलं पडलं होतं. ऊर्मिला, मयुरेश आणि वल्लरी पोचले तेव्हा ग्रिलवर कणसं भाजत होती आणि बागेच्या टोकाला अवजारांच्या खोपटाच्या पत्र्याच्या दारावर कागदाचं लक्ष्य चिकटवलेलं होतं. चंद्रशेखर रायफल खांद्याला लावून उभा होता. ऊर्मिलाने हातातला खाऊचा डबा गवतावरच ठेवला.

"भावजी, थांबा. पत्र्यावर नको. मागे काहीतरी मऊ लावा, जुनी गादी लावा. छर्रे कुठले आहेत?"

"आल्या मास्तरीणबाई!" तो हसून बाकीच्यांना म्हणाला. "सकाळपासून झाडतोय, काही होत नाही. ही बघा एकच."

"मयुरेश, तू सांग ना त्यांना," ती म्हणाली. मयुरेश अवघडून हसला.

शैला बटाटेवड्यांचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या पायरीवर आली होती. चाप ओढल्याचा आवाज झाला, पत्र्यावर टणत्कार झाला आणि त्याला जोडूनच शैला एकदम बारीक आवाजात "आई गं" म्हणाली. ताट पडलं. ती खाली बसली आणि तिने डावा डोळा हाताने झाकला. बोटांच्या फटीतून रक्त येत नव्हतं, नुसतं पाणी येत होतं. वल्लरी किंचाळली.

डोळा चोळू द्यायचा नाही, एवढं ऊर्मिलाला आठवत होतं. तिने शैलाचे हात धरून ठेवले आणि गाडीत तिला तसंच मांडीशी घेऊन बसली. चंद्रशेखर गाडी चालवत होता. सारखा म्हणत होता, "काही नाही, काही नाही गं, सूज आहे."

इस्पितळात तरुण डॉक्टरीणबाई आल्या. डोळ्याच्या पुढच्या भागात रक्त साचलं होतं. काय लागलं, त्यांनी विचारलं.

"फांदी," चंद्रशेखर म्हणाला. "बागेतल्या झाडाची फांदी."

ऊर्मिलाला आधी वाटलं, घाबरून चुकीचा शब्द गेला असेल. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने मराठीत, ओठ न हलवता सांगितलं, "वहिनी, प्लीज. माझी आइनब्युर्गरुंगची फाईल शेवटच्या टप्प्यात आहे. पोलिसांची भानगड नको."

नागरिकत्व. बायकोच्या डोळ्यात रक्त भरलंय आणि हा पासपोर्टचा रंग बघतोय. शैला उघड्या डोळ्याने छताकडे बघत होती. डॉक्टरीणबाई "आस्ट", म्हणजे फांदी, असं लिहू लागल्या. ऊर्मिलाला एकाएकी ओकारी येईलसं वाटलं. फिनाइलच्या वासाने नव्हे. श्टेंगलच्या हसण्याने जी किळस यायची, तीच, पण कितीतरी जास्त, कारण हा माणूस तिच्या हातची पुरणपोळी जेवलेला होता.

"फांदी नाही," ती जर्मनमध्ये म्हणाली. "एअर रायफलची स्टीलची गोळी. पत्र्यावरून उलटली. मी तिथेच होते."

पेन थांबलं. डॉक्टरीणबाईंनी आधी चंद्रशेखरकडे पाहिलं, मग ऊर्मिलाकडे. "आत धातूचा तुकडा गेला असला आणि आम्ही तिला चुंबकाच्या मशीनमध्ये घातलं असतं, तर काय झालं असतं, कळतंय का तुम्हाला?" त्यांचा आवाज चढला नव्हता. त्याने चंद्रशेखर जास्तच आक्रसला.

दुसऱ्या प्रकारचा स्कॅन झाला. आत काही नव्हतं. डोळा वाचला, पण बाहुली पूर्वीसारखी आकसेना. उजेड सहन होईना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे असंच राहण्याची शक्यता आहे.

बाहेर कॉरिडॉरमध्ये चंद्रशेखर ऊर्मिलाला म्हणाला, "तुम्हाला एवढं माहीत होतं, तर त्या दिवशी दुकानात ठामपणे सांगायला हवं होतंत."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. काहीतरी चांगलं सणसणीत कोल्हापुरी तोंडात आलं होतं. तिने ते गिळलं, कारण आत शैला होती.

घरी मयुरेश म्हणाला, "बरोबर केलंस गं. पण तू मध्ये पडली नसतीस तरी डॉक्टरांनी शोधून काढलं असतं." यावर ती त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. वल्लरीनेच तिच्याजवळ येऊन सांगितलं, "आई, दास वार एकलिश. फोन ईम." किळसवाणं वागला तो. मराठीत नसलं तरी ते शब्द तिला अगदी आपले वाटले.

सोमवारी तिने श्टेंगलला गाठलं आणि घडलं ते सांगितलं. तो कोरा चेहरा करून ऐकत राहिला. मग म्हणाला, "डब्यावर चष्मा घालायची सूचना छापलेली आहे. आणि मी असं काही बोललो नाही. त्यांनी मागितलं, मी दिलं." बोलता बोलता त्याने तोच डबा रॅकवर सरळ करून ठेवला, लेबल पुढे येईल असा.

ती फ्राउ हाइन यांच्याकडे गेली. बाईंनी कॉफी दिली, वाईट वाटलं म्हणाल्या आणि विचारलं, की त्या गृहस्थांनी स्वतः तक्रार केली आहे का? ऊर्मिलाने चंद्रशेखरला फोन केला. त्याने एकदाच उचलला. "वहिनी, पोलीस येऊन गेले घरी. तुमच्या कृपेने. आता मला कुठेही नाव द्यायचं नाही." त्यानंतर मंडळाच्या ग्रुपवर तिच्या मेसेजखाली कुणी अंगठासुद्धा टाकेना. कोजागरीला कोण काय आणणार हे सगळं ठरलं आणि ते तिला मयुरेशकडून कळलं.

महिन्याभराने दुकानात एक प्रशिक्षण झालं. डोळ्याबद्दल, छऱ्यांबद्दल त्यात अक्षर नव्हतं. गिऱ्हाइकाशी नजर कशी मिळवावी, हे शिकवायला म्युनिकहून कुणी आलं होतं. मध्ये सफरचंदाचा केक होता. शेवटी श्टेंगलची बदली झाली. शिक्षा म्हणून नाही, हिवाळा आला होता म्हणून. त्याला स्कीच्या विभागात घातलं. तिथे तो लहान मुलांना हेल्मेटं विकू लागला. एकदा जाता जाता ऊर्मिलाने ऐकलं, एक आई विचारत होती, की हे जरा सैल नाही का? पुढचं ऐकायला ती थांबली नाही.

फ्राउ हाइन यांनी तिला बोलावून काउंटर देऊ केला. मुख्य म्हणून. वर्षापूर्वी हे ऐकून तिला आकाश ठेंगणं झालं असतं. तिने एकच अट घातली, ते स्टीलचे छर्रे रायफलींच्या शेजारून हलवायचे. ज्या पिस्तुलांना चालतात त्यांच्याजवळ ठेवायचे.

"रॅकची मांडणी मुख्य कार्यालयातून येते, फ्राउ इंगा. त्यात आम्हाला हात घालता येत नाही."

"इंगवले," ऊर्मिला म्हणाली. "आणि मला तो काउंटर नको."

तिने नोकरी सोडली. मयुरेश आधी चिडला, मग थंड झाला. दोन महिने ती घरी बसली. गावातल्या नेमबाजी क्लबची पाटी रोज वाटेत लागायची, पण आत जावंसं वाटेना. ज्या वासाने पूर्वी खांदे सैल व्हायचे, तो आता नुसता आठवला तरी मळमळायचं. हे तिला सगळ्यांत जास्त लागलं होतं. श्टेंगलने तिचं आवडतं काहीतरी खराब करून ठेवलं होतं आणि त्याला ते माहीतही नव्हतं.

जानेवारीत ती एका बेकरीत लागली. पहिल्या दिवशी मालकीणबाईंनी तिला बाजूला घेऊन बजावलं, की कुठल्या पावात अक्रोड आहे, कुठल्यात तीळ, हे पाठ केल्याशिवाय गल्ल्यापुढे उभं राहायचं नाही. शंका आली तर आत येऊन विचारायचं, अंदाजाने बोलायचं नाही. एखाद्याला घसा सुजून मरण येतं. ऊर्मिला हो, हो म्हणत राहिली आणि मनात म्हणाली, पावाची एवढी कदर आहे या देशात.

फेब्रुवारीत एका सकाळी शैला आली. बाहेर आभाळ भरलेलं, तरी तिने काळा चष्मा लावला होता. रांगेत तिच्यापुढे दोघं होते. ती वाट बघत थांबली. चारपाच महिन्यांत दोघी बोलल्या नव्हत्या.

"कुठला देऊ?" ऊर्मिलाने विचारलं.

"कुठलाही. मऊ असेल तो."

ऊर्मिलाने पाव कापून पिशवीत घातला. शैलाने पिशवी घेतली, पण ती हलली नाही. मागच्या माणसाने घसा खाकरला.

"पोलिसांनी प्रकरण मिटवलं. त्यांना पासपोर्ट मिळाला," शैला म्हणाली. "परवा. पेढे वाटले सगळीकडे."

"तुझा?"

"मी माझा नागरिकत्वाचा अर्ज मागे घेतला." ती जरा थांबली. "घरात कुणाला सांगितलं नाहीये अजून. तुला सांगतेय."

मग तिने पाव छातीशी धरला आणि दार ढकलून उजेडात बाहेर पडताना सवयीने मान खाली घातली.